टर्कीच्या जेवणाला नक्की काय काय विकत घ्यावं लागतं? (बजेट ६० डॉलर)

सातारकर_जर्सीत
नमस्कार मंडळी,
यंदा थँक्सगिव्हिंगचं (इथला टर्की पक्षी भाजून खायचा सण) जेवण आमच्या गळ्यात पडलंय. म्हणजे बायकोने आनंदाने घेतलंय आणि मी मान डोलावली. एकूण १२ माणसं. त्यातले पाच बायकोच्या ऑफिसातले अमेरिकन, बाकी आपलेच. चौघे शुद्ध शाकाहारी.

टर्की आम्ही दोघांनीही कधी केलेली नाही. नेटवर 'लागणाऱ्या वस्तूं'च्या याद्या वाचल्या तर रॅकवालं रोस्टिंग पॅन, बेस्टर (वरून रस सोडायची पिचकारी), मसाला टोचायची सुई, चरबी वेगळी करायचा जग, टर्की उचलायचे पंजे, कापायचा सुरी-काट्याचा सेट, सुतळी, ब्राइनची (मिठाच्या पाण्याची) बादली... बेरीज २०० डॉलरच्या वर गेली. एका दिवसासाठी? आणि हे सगळं नंतर ठेवायचं कुठे? दोन खोल्यांचं अपार्टमेंट आहे.

घरात असलेलं: पाच लिटरचा कुकर, दोन मोठी स्टीलची पातेली, परात, मिक्सर, पुरणयंत्र (आईने बॅगेत कोंबलेलं), बरी सुरी एक. ओव्हन आहे, आजवर लावलेला नाही. ६० डॉलरमध्ये बसवायचंय, टर्की सोडून. खरंच काय लागतं ते अनुभवी लोकांनी सांगा.

तिखटजाळ
आधी ओव्हनमधल्या कढया बाहेर काढा.

सातारकर_जर्सीत
तुम्हाला कसं कळलं?

तिखटजाळ
भारतीय माणसाचं अपार्टमेंट म्हणालात ना. तव्याखाली पापडाचा डबा पण असेल बघा, प्लॅस्टिकचा.

ऑस्टिनची_अनु
एकच वस्तू विकत घ्या: टोचून लगेच तापमान सांगणारा डिजिटल थर्मामीटर. १२-१५ डॉलरला चांगला मिळतो. बाकी यादीतल्या निम्म्याहून जास्त वस्तू दुकानदारांच्या सोयीच्या आहेत.

कारण सांगते. टर्कीत दोनच गोष्टी बिघडतात. आतून कच्ची राहते, नाहीतर छातीचं मांस कोरडंठक्क होतं, पाणी घेतल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. दोन्हीचं मूळ एकच, कधी बाहेर काढायची ते अंदाजावर ठरवणं. इथल्या कृषी खात्याचा नियम १६५ फॅरनहाइटचा आहे. छातीच्या सर्वांत जाड भागात, मांडीच्या आतल्या बाजूला आणि पंखाच्या सांध्यापाशी, तिन्हीकडे बघायचं. टोक हाडाला लागू द्यायचं नाही, हाडाजवळचा आकडा फसवा येतो.

आणल्या आणल्या थर्मामीटर तपासून घ्या. पेला बर्फाने गच्च भरा, वर थोडं पाणी, ढवळा आणि टोक मधोमध धरा. ३२ दाखवला पाहिजे. उकळत्या पाण्यात २१२ बघतात, पण ते समुद्रसपाटीला. डेन्व्हरला २०२-२०३ लाच उकळतं, उगाच परत करायला जाल.

आणि टर्कीच्या छातीत कंपनीने खोचलेलं ते प्लॅस्टिकचं बटण असतं ना, शिजली की टुणकन वर येतं म्हणतात, त्याच्या भरवशावर राहू नका. ते वर येईतो बहुतेक वेळा छाती १६५ च्या बरीच पुढे गेलेली असते.

कोल्हापुरी_रस्सा
आमच्या आज्जीने आयुष्यभर कोंबड्या शिजवल्या, थर्मामीटर फक्त ताप आल्यावर बघितला. तंगडी धरून हलवा, सांध्यात सैल लागली की झाली.

ऑस्टिनची_अनु
आज्जी गावरान कोंबडी तुकडे करून रश्श्यात शिजवायच्या. रस्सा अर्धा तास जास्त उकळला तरी काही बिघडत नाही. इथे १२ पौंडी अख्खा पक्षी कोरड्या आचेवर आहे. तंगडी सैल लागेपर्यंत छातीचा भुसा झालेला असतो. आज्जींबद्दल आदर आहेच.

कोल्हापुरी_रस्सा
आज्जीच्या वतीने माघार घेतो. 😀

बर्फातला_मिनेसोटन
अनुशी सहमत. मी तर १६० ला काढतो, फॉइलखाली झाकून ठेवली की बाहेरच आकडा चढत जातो.

ऑस्टिनची_अनु
तुम्ही काढा, तुमचा हात बसलाय. पहिलटकराने १६५ बघूनच काढावी. घरी १२ माणसं येणार आहेत.

बर्फातला_मिनेसोटन
मान्य. आता पॅनबद्दल. ८०-१०० डॉलरचं रोस्टिंग पॅन अजिबात नको. डॉलर स्टोअरमध्ये ॲल्युमिनियम फॉइलचं मोठं वापरून फेकायचं पॅन मिळतं. दोन घ्या आणि एकात एक घाला. पण खरी गोष्ट पुढे आहे: ते पॅन नुसतं कडेला धरून कधीही उचलायचं नाही. १२ पौंडाचा पक्षी, तळाशी दोन-तीन कप उकळती चरबी आणि रस, आणि पॅनच्या कडा मऊ. मध्ये वाकतं, पक्षी घसरून एका बाजूला येतो आणि तेल दुसऱ्या बाजूने सांडतं. ओव्हनच्या तळाच्या कॉइलवर सांडलं तर भडका. म्हणून खाली भक्कम बेकिंग ट्रे हवाच. १८ बाय १३ इंचाचा जाड ॲल्युमिनियमचा येतो, १०-१५ डॉलर. उचलताना ट्रेच उचलायचा. हा ट्रे नंतर वर्षभर वापरता येतो, चिवडा भाजायला तर बेस्ट.

रॅक नको. कांद्याच्या जाड चकत्या, गाजरं, सेलरीचे दांडे आडवे टाका आणि त्यावर टर्की ठेवा. खालून हवा खेळते आणि तेच गाजर-कांदे ग्रेव्हीत जातात. नाहीतर फॉइलची जाड दोरी वळून तिचं कडं करा.

मिरजमळा
अर्धवट असहमत. गुडविल किंवा तत्सम जुन्या वस्तूंच्या दुकानांत चक्कर मारा. लोक एकदा वापरून रॅकसकट पॅन देऊन टाकतात. मला पाच डॉलरला जाड स्टीलचं मिळालंय, शेगडीवर ठेवून त्यातच ग्रेव्ही करता येते. फॉइलच्या पॅनमध्ये ते जमत नाही, सगळं खरवडून दुसऱ्या भांड्यात घ्यावं लागतं आणि चव त्या चिकटलेल्या खरपुडीतच असते. फक्त नॉनस्टिकचा पापुद्रा निघालेलं पॅन उचलू नका.

बर्फातला_मिनेसोटन
पाच डॉलरला मिळत असेल तर माझा विरोध मागे.

चटणीभाकर
एक मूलभूत शंका. २७ नोव्हेंबर २०२५, म्हणजे थँक्सगिव्हिंगचा दिवस, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे हे कोणी बघितलं का? आमच्या घरी घट मांडायचा असतो. टर्की कुठे मांडू?

सातारकर_जर्सीत
अरे देवा. हे बायकोला अजून माहीत नाही. आईला मात्र नक्की माहीत असणार.

तिखटजाळ
शुक्रवारी करा. सुट्टी असतेच.

चटणीभाकर
शुक्रवारी सासूबाईंची संतोषीमाता. आंबट चालत नाही. क्रॅनबेरी सॉसचं काय करू?

तिखटजाळ
शनिवार?

चटणीभाकर
मारुती.

कोल्हापुरी_रस्सा
रविवारी करा ताई. कोल्हापुरात मटणाचा वार आहे तो, कुठला देव आड येत नाही.

मिरजमळा
गंमत सोडा, पण रविवारी करण्यात खरंच फायदा आहे. थँक्सगिव्हिंग उलटल्यावर उरलेल्या टर्की आणि फॉइलची पॅनं दोन्ही स्वस्तात काढतात. पाहुणे आपलेच असतील तर कोणाला फरक पडत नाही.

सातारकर_जर्सीत
पाच जण ऑफिसचे आहेत. त्यांना मार्गशीर्ष कसा समजावू? गुरुवारीच करणार. आईला फोनवर 'शाकाहारीही पुष्कळ आहे' एवढंच सांगीन, ते खोटं नाही.

टोरांटोची_टवळी
आमच्याकडे कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारीच उरकतं, त्यामुळे या वादात पडायची वेळ येत नाही.
कोणी ओव्हन बॅगबद्दल बोललंच नाही? दोन पिशव्यांचा खोका काही डॉलरला मिळतो. आत चमचाभर मैदा घालून पिशवी हलवायची, टर्की ठेवायची, तोंड बांधायचं, वरून पाच-सहा चिरा द्यायच्या. ३५० वर १२ ते १६ पौंडी पक्षी दोन-अडीच तासांत होतो. ओव्हन घाण होत नाही, रस पिशवीत राहतो, बेस्टर लागत नाही. तरी पिशवी ट्रेवर ठेवायची आणि ओव्हनच्या भिंतींना किंवा वरच्या कॉइलला टेकू द्यायची नाही.

बर्फातला_मिनेसोटन
साल कुरकुरीत होत नाही मात्र. वाफवलेल्या कोंबडीसारखी लागते.

टोरांटोची_टवळी
शेवटी पिशवी वरून कापून २० मिनिटं ठेवली की रंग येतो. आणि पहिल्यांदा करणाऱ्याला सालीपेक्षा कोरडेपणाची काळजी असते.

पार्ल्याची_सुगरण
बेस्टरचा विषय निघालाय म्हणून. दर अर्ध्या तासाने दार उघडून वरून रस सोडायचा, हा प्रकार मला कधी पटला नाही. दार उघडलं की ओव्हन गार होतो, वेळ वाढतो आणि रस सालीवरून ओघळून परत पॅनमध्येच येतो. वर ती पिचकारी आतून धुता येत नाही ते वेगळंच. त्यापेक्षा आदल्या दिवशी मीठ लावून ठेवा. पाच पौंडांना साधारण एक मोठा चमचा जाड कोशर मीठ. बारीक मीठ असेल तर निम्मं. सगळीकडून चोळायचं आणि फ्रीजमध्ये उघडं ठेवायचं. साल सुकते आणि नंतर छान तांबूस होते. खर्च शून्य. बादली नको, चार गॅलन खारं पाणी नको.

एक बघा. पुष्कळ फ्रोझन टर्कींना कंपनीनेच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, वेष्टणावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ती असेल तर वरून मीठ नको.

आणि कोणाला पाण्यातच भिजवायची असेल तर स्टीलचं पातेलं घ्या. जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) पातेल्यात खारं पाणी रात्रभर ठेवलंत तर पातेलं काळं पडेल.

मिरजमळा
फ्रीजवरून आठवलं. टर्की वितळवायला लागणारा वेळ लोक विसरतात. फ्रीजमध्ये चार-पाच पौंडांना एक दिवस. म्हणजे १२ पौंडीला तीन दिवस धरा, वर मिठाची रात्र. शनिवारी फ्रीजरमधून खाली आणली तर गुरुवारी निवांत. तुमची परात इथे कामाला येईल: टर्की परातीत, परात सर्वांत खालच्या कप्प्यात. वेष्टणातून लाल पाणी गळतं, ते खालच्या कोथिंबिरीवर पडायला नको.
उशीर झालाच तर गार पाण्यात बुडवून, दर पौंडाला अर्धा तास, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत. १२ पौंडांना सहा तास. सिंकपाशी खुर्ची टाकून बसा. आणि नंतर लगेच शिजवायची.

कोल्हापुरी_रस्सा
आणि मग नळाखाली मस्त धुवून घ्यायची.

ऑस्टिनची_अनु
नाही! धुवायची नाही. आपल्या सगळ्यांचा हात तिकडेच जातो, पण पाण्याचे शिंतोडे सिंकभर, ओट्यावर, शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात आणि जंतूही तिथे पोचतात. कागदी रुमालाने आतून-बाहेरून टिपून घ्या. पोटात हात घालून मान आणि काळीज-पेट्याची पुडी काढायला विसरू नका. काही वेळा ती मानेच्या बाजूच्या पोकळीत असते, दोन्हीकडे बघा.

टेक्ससचा_तात्या
हे सगळं सोडा. मोठं भांडं, शेंगदाण्याचं तेल, प्रोपेनची शेगडी. ४५ मिनिटांत टर्की तळून तयार. जगात तोड नाही.

बर्फातला_मिनेसोटन
तात्या, अपार्टमेंटात? धागाकर्त्याचं बजेट ६० डॉलर आहे आणि डिपॉझिटही परत हवं असेल.

टेक्ससचा_तात्या
बाल्कनीत.

बर्फातला_मिनेसोटन
बाल्कनीत तर मुळीच नको. आत जरा बर्फ राहिला की त्याची एकदम वाफ होते, तेल उसळून बाहेर येतं आणि खाली जाळ असतोच. मोकळ्या अंगणात, घरापासून लांब, पूर्ण वितळलेली आणि कोरडी केलेली टर्की असेल तरच. तुमच्याकडे अंगण आहे तात्या, जर्सीत पार्किंगसुद्धा नाही.

पार्ल्याची_सुगरण
पुरणयंत्रावर कोणीच बोललं नाही, आश्चर्य आहे. मॅश्ड पोटॅटोसाठी इथले लोक २५-३० डॉलरचा रायसर घेतात, तुमच्याकडे आईने दिलेलं तेच आहे. बटाटे सोलून, मोठ्या फोडी करून शिजवा, पाणी पूर्ण निथळू द्या, गरम असतानाच यंत्रातून काढा. मग वितळलेलं लोणी आणि कोमट दूध, हलक्या हाताने. मिक्सरमध्ये चुकूनही घालू नका, पिष्ट सुटून खळ होते. शिवजयंतीचे फलक चिकटवता येतील अशी.

चटणीभाकर
पुरणयंत्र टर्कीच्या जेवणाला वापरायचं?

पार्ल्याची_सुगरण
बटाटे काय मांसाहारी आहेत?

नागपूरची_संत्री
शाकाहारी पाहुण्यांबद्दल लिहिते, आमच्या घरी निम्मे तेच असतात. भांड्यांपेक्षा इथे चमच्यांचा हिशेब करा. प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र डाव आणि शाकाहारी पदार्थ टेबलाच्या वेगळ्या टोकाला. नाहीतर कोणीतरी टर्कीच्या ग्रेव्हीचा डाव बटाट्यात घालतोच.

स्टफिंग (पावाचं सारण) पक्ष्याच्या पोटात भरू नका. ते आतपर्यंत १६५ ला पोचायला हवं, तोवर बाहेरची टर्की सुकते. वेगळ्या काचेच्या भांड्यात भाजा म्हणजे सगळ्यांना चालेल. पण खोक्यातलं तयार स्टफिंग घेणार असाल तर मागची यादी वाचा, बऱ्याचदा त्यात चिकनचा अर्क असतो. रताळ्यांवर मार्शमेलो घालतात त्यात जिलेटिन असतं, तेही प्राणिजन्य. पायच्या तयार पारीत कधीकधी डुकराची चरबी असते. हे तिन्ही पदार्थ दिसायला अगदी निरागस असतात.

ग्रेव्ही दोन करा. शाकाहारी ग्रेव्हीला कांदा आणि मशरूम लोण्यात चांगले काळपट होईपर्यंत परता, मैदा, पाणी, थोडा सोया सॉस. आमच्याकडे हीच आधी संपते.

काचेचं भांडं ओव्हनमधून काढलं की ओल्या ओट्यावर ठेवू नका, तडकतं. खाली कोरडं फडकं.

सातारकर_जर्सीत
सर्वांचे मनापासून आभार. वाचून यादी केली आहे: थर्मामीटर १४, जाड ट्रे १२, फॉइलची दोन पॅनं ३, जाड फॉइल ५, ओव्हन बॅग ४. एकूण ३८. शनिवारी गुडविललाही जाणार, पॅन मिळालं तर फॉइलची पॅनं रद्द.
आता नवी भानगड. काल ओव्हन मोजला. आतली रुंदी २० इंच आहे, पण जाळ्या काढूनही उंची कमी वाटते. ट्रे आणि वर १२ पौंडी पक्षी मावेल का? आणि चरबी वेगळी करायला जग हवा की नको? कापायला माझी सुरी आठ इंची आहे.

ऑस्टिनची_अनु
जाळी सर्वांत खालच्या खाचेत लावा, बाकीच्या बाहेर. तरी वरच्या कॉइलपर्यंत तीन-चार बोटं राहत नसतील तर टर्की चपटी करा. २२ डॉलर उरलेत ना, त्यात किचनची जाड कात्री घ्या. टर्की पालथी घालायची, कण्याच्या दोन्ही बाजूंनी शेपटीकडून मानेकडे कापत जायचं आणि कणा बाहेर काढायचा. मग उलटी करून छातीच्या मधल्या हाडावर दोन्ही तळव्यांनी दाबायचं. कट्ट असा आवाज आला की पसरली. १८ बाय १३ च्या ट्रेवर १२ पौंडी नीट बसते. ४५० वर साधारण दीड तास. छाती आणि मांड्या जवळजवळ एकदम होतात, हा मोठा फायदा. पण हे केलंत तर ओव्हन बॅग विसरा.

टोरांटोची_टवळी
४५० वर चरबी ट्रेवर जळते आणि धुराचा अलार्म बोंबलतो. खाली भाज्या आणि कपभर पाणी हवंच. अपार्टमेंटात ४२५ वर करा, थोडा वेळ जास्त. पंखा आधीपासून लावून ठेवा.

मिरजमळा
अख्खी टर्की टेबलावर आणायचा सोहळा जातो पण. बेडकासारखी दिसते.

ऑस्टिनची_अनु
स्वयंपाकघरातच कापून ताटात लावून आणा. फोटो काढणाऱ्यांना आत बोलवा.
सुरी आठ इंची पुरे, फक्त धार लावा. बाहेर काढल्यावर अर्धा तास हात लावू नका. मग आधी तंगड्या सांध्यातून सोडवायच्या, नंतर छातीचा एकेक अख्खा भाग हाडाला धरून उतरवायचा आणि पाटावर आडव्या चकत्या करायच्या. पंजे-बिंजे नको, तुमच्याकडे झारे असतीलच.

पार्ल्याची_सुगरण
चरबीसाठी जग नको. रस काचेच्या उंच पेल्यात ओतून दहा मिनिटं ठेवा, चरबी वर येते, डावाने काढा. किंवा जाड झिपवाल्या पिशवीत ओता (जरा निवल्यावर), चरबी वर आली की खालचा कोपरा कातरून रस पातेल्यात सोडा आणि चरबी आली की चिमटीत धरा.

नागपूरची_संत्री
ऐनवेळी अडलात तर बटरबॉल या टर्की कंपनीची हेल्पलाइन आहे, १९८१ पासून चालू आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लोक फोन करून वाट्टेल ते विचारतात. फुकट आहे.

तिखटजाळ
आणि त्यानेही भागलं नाही तर कॉस्टको दुकानातली भाजलेली कोंबडी ५ डॉलरला. तीन घ्या, पॅनमध्ये ओळीने मांडा. बजेटमध्ये बसतं. (हलके घ्या.)

सातारकर_जर्सीत
बायको म्हणते हा तिखटजाळांचा सल्ला पहिल्याच पानावर यायला हवा होता.
कात्री घेतोय. चपटीच करणार.

चटणीभाकर
उरलेल्याचं काय करता सगळे? आमच्याकडे आठवडाभर पुरते आणि मग कोणी बघत नाही तिच्याकडे.

मिरजमळा
आठवडाभर नका ठेवू. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत हाडावरून काढून उथळ डब्यांत भरा, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. बाकी फ्रीजरमध्ये. मी तुकड्यांचं सुकं करतो, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून. शिजलेलं मांस आहे, वाटण पूर्ण परतून झाल्यावर शेवटी घालायचं, नाहीतर दोरे होतात.

कोल्हापुरी_रस्सा
आणि हाडं फेकाल तर बघा. कणा, पंखांची टोकं, मान, सगळं कुकरात. आलं-लसूण, चार मिरी, पाणी, मंद आचेवर पाऊण तास. गाळून घेतलं की अळणी, म्हणजे हाडांचा साधा रस्सा, तयार. त्यात खसखस-काजू-खोबऱ्याचं दूध घालून पांढरा करा. टर्कीचं मांस माझ्या मते सपकच, पण तिच्या हाडांचा पांढरा रस्सा एकदा पिऊन बघा. अमेरिकन पाहुण्यांना कपातून द्या, वाटी मागतील.

सातारकर_जर्सीत
पाच लिटरच्या कुकरात सांगाडा मावेल?

कोल्हापुरी_रस्सा
कात्री घेतलीय ना? तोडा की. फक्त कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नका.